ताकदीचे औषध : बकऱ्यांच्या गोठ्यापासून कर्करोगाच्या वॉर्डापर्यंत

पावसाळ्याच्या आगेमागे आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बकऱ्यांना जंताचे औषध पाजतात. जनावरांच्या दवाखान्यात किंवा तालुक्याच्या औषध दुकानात ते मिळते. बाटलीवरचे बारीक अक्षर सहसा कोणी वाचत नाही. ज्यांनी वाचले असेल, त्यांना 'लेव्हामिसोल' हे नाव आठवेल. पोटातले गोल जंत पाडणारे हे जुने आणि स्वस्त औषध आहे.

१९९० साली अमेरिकेत हेच औषध मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरचे महत्त्वाचे औषध ठरले. शस्त्रक्रिया करून गाठ काढली, पण रोग जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचला होता, अशा रुग्णांना ते वर्षभर द्यावे, असे तिथल्या तज्ज्ञांच्या परिषदेने ठरवले. कारण असे सांगितले गेले की, हे औषध शरीराची रोगप्रतिकारशक्ती वाढवते. दहा वर्षांनी, २००० च्या सुमारास, ते तितक्याच शांतपणे बाजूला सारले गेले.

ते कसे आले आणि का गेले, याचा शोध घेत मी गेली काही वर्षे वाचत आहे. मी डॉक्टर नाही. शास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. जिल्ह्याचा इतिहास हा माझा मूळ छंद. त्यातही दुष्काळाच्या नोंदी वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली. आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ या भागाने लागोपाठ सोसले. त्या काळाबद्दल वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. दुष्काळात माणूस बहुतेक वेळा नुसत्या भुकेने मरत नाही. तो पटकीने, हगवणीने, हिवतापाने मरतो. भूक दार उघडून देते आणि रोग आत येतो. शरीराची 'ताकद' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मला तिथे पडला. त्याचे उत्तर शोधता शोधता मी कर्करोगाच्या वॉर्डापर्यंत येऊन पोहोचलो.

एक शब्द, अनेक बाटल्या

आपल्याकडे 'ताकद' हा शब्द फार सैल वापरला जातो. सलाईनला खेड्यात 'ताकदीची बाटली' म्हणतात. लाल रंगाचे जीवनसत्त्वाचे इंजेक्शन म्हणजे 'शक्तीचे इंजेक्शन'. वैद्यकाच्या जुन्या परंपरेत या कल्पनेला जास्त नेमके शब्द होते. चरकसंहितेत 'व्याधिक्षमत्व' हा शब्द येतो, आणि सगळ्या शरीरांत ते सारखे नसते, हेही तिथे मानलेले आहे. 'रोगप्रतिकारशक्ती' हा पाठ्यपुस्तकातला शब्द. २०२० मध्ये करोनाची साथ आली आणि त्याची जागा 'इम्युनिटी' या शब्दाने घेतली. काढा, चूर्ण, गोळ्या, डबे, सगळ्यांवर तो शब्द छापला गेला.

साथ ओसरली, पण शब्द राहिला. आज कर्करोगाचे निदान झालेल्या घरात पहिल्या आठवड्यातच कोणीतरी इम्युनिटीचा डबा घेऊन येते. म्हणून हा इतिहास सांगणे मला गरजेचे वाटते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेभोवती प्रतिकारशक्तीला आधार देण्याचे प्रयत्न गेल्या काही दशकांत फार बारकाईने तपासले गेले आहेत. काय टिकले आणि काय गळून पडले, याची नोंद उपलब्ध आहे.

जंतू टोचून गाठ विरघळवणारा सर्जन

शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध लढू शकते, ही कल्पना नवी नाही. न्यू यॉर्कचा सर्जन विल्यम कोली याने १८९१ मध्ये एका रुग्णाच्या गाठीत मुद्दाम जंतू टोचले. विसर्प, म्हणजे अंगावर लालभडक पसरणारा ज्वर, झालेल्या काही रुग्णांच्या गाठी आपोआप विरघळल्याच्या नोंदी त्याच्या वाचनात आल्या होत्या. त्याच्या रुग्णाला मोठा ताप आला आणि गाठ खरोखर ओसरली. पुढे त्याने मारलेल्या जंतूंचे मिश्रण तयार केले. काही रुग्णांना गुण आला, पुष्कळांना आला नाही. कोणाला येईल हे आधी सांगता येत नव्हते. क्ष-किरणांचे उपचार आले, आणि कोलीचे मिश्रण मागे पडले.

पुढे बीसीजी लशीचा प्रयोग झाला. आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर तिचा गोल व्रण आहे. ही लस क्षयाची, पण ती प्रतिकारशक्तीला एकूणच जागे करते, असे दिसत होते. मूत्राशयाच्या कर्करोगात ती १९७६ पासून उपयोगी ठरली आणि आजही वापरतात. साहजिकच ती मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही वापरून पाहिली. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९८८ मध्ये आले. शस्त्रक्रियेनंतर बीसीजी दिल्याने कर्करोग परत येण्याचे प्रमाण कमी झाले नव्हते. एका अवयवात चालले ते दुसऱ्यात चालेलच असे नाही, हा पहिला धडा.

दोन नोबेल आणि एक चिठ्ठी

लायनस पॉलिंग हे विसाव्या शतकातले मोठे रसायनशास्त्रज्ञ. त्यांना दोन नोबेल मिळाली, १९५४ चे रसायनशास्त्राचे आणि १९६२ चे शांततेचे. स्कॉटलंडमधले सर्जन युअन कॅमेरॉन यांच्यासोबत त्यांनी १९७६ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. शेवटच्या टप्प्यातल्या १०० रुग्णांना रोज १० ग्रॅम क जीवनसत्त्व दिले होते. त्यांची तुलना त्याच रुग्णालयातल्या जुन्या १००० रुग्णांच्या कागदपत्रांशी केली. क जीवनसत्त्व घेणारे कितीतरी जास्त जगले, असा निष्कर्ष निघाला.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये चार्ल्स मोर्टेल नावाचे पोटाच्या कर्करोगांचे तज्ज्ञ होते. जुन्या कागदांशी केलेली तुलना त्यांना पटली नाही. जुने रुग्ण वेगळे, नवे वेगळे. कोणाला निवडले, कोणाला वगळले, यावर सगळे ठरते. त्यांच्या गटाने रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन भाग केले. एकाला क जीवनसत्त्व, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळते हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. १९७९ मध्ये उत्तर आले : काही फरक नाही.

पॉलिंग यांनी हरकत घेतली, आणि ती आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ते म्हणाले, या रुग्णांना आधी केमोथेरपी मिळालेली होती. तिने त्यांची प्रतिकारशक्ती मोडली होती. मग क जीवनसत्त्व काम कसे करणार?

मोर्टेल यांनी हरकत मान्य करून पुन्हा चाचणी केली. या वेळी त्यांनी मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग पसरलेले असे १०० रुग्ण घेतले, ज्यांना आधी केमोथेरपी मिळालीच नव्हती. मात्रा तीच, रोज १० ग्रॅम. १९८५ मध्ये निष्कर्ष आला. क जीवनसत्त्वाने आयुष्य वाढले नाही आणि गाठही लहान झाली नाही.

मला या भांडणात रस आहे तो कोण मोठा यासाठी नाही. दोन नोबेल मिळवणाऱ्या माणसाचे म्हणणेही एका साध्या चिठ्ठीपुढे उभे करता येते, हे इथे दिसते. पॉलिंग आणि मोर्टेल दोघेही १९९४ मध्ये, दोन महिन्यांच्या अंतराने, कर्करोगानेच गेले.

बकऱ्यांच्या औषधाची चढती कमान

याच मोर्टेल यांचे नाव लेव्हामिसोलशी जोडलेले आहे. ते सगळ्याच औषधांचे वैरी होते असे कोणी समजू नये.

लेव्हामिसोल बेल्जियममध्ये १९६० च्या दशकात तयार झाले, ते जंतांसाठी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या रेनू दांपत्याला प्रयोगशाळेतल्या उंदरांत एक गोष्ट आढळली. ब्रुसेला जंतूंविरुद्धच्या लशीसोबत हे औषध दिले, तर लस जास्त जोमाने काम करते. ब्रुसेला म्हणजे गाई-बकऱ्यांचे गाभ पाडणारा जंतू. जंत मारणारे औषध प्रतिकारशक्तीही जागवते, ही बातमी जगभर पसरली. सांधेदुखीपासून कर्करोगापर्यंत सगळीकडे ते वापरून पाहिले गेले.

८ फेब्रुवारी १९९० रोजी मोर्टेल आणि सहकाऱ्यांचा लेख प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेले १२९६ रुग्ण त्यात होते. त्यांपैकी ९२९ जणांचा रोग लसिका ग्रंथींपर्यंत गेला होता. लेव्हामिसोल आणि फ्लुओरोयुरॅसिल हे केमोथेरपीचे औषध असे दोन्ही मिळालेल्यांत, नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांच्या तुलनेत, रोग परत येण्याचा धोका ४१ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी कमी झाला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतरच्या औषधाने इतका स्पष्ट फायदा झाल्याचे तोपर्यंत दिसले नव्हते. एप्रिलमध्ये तज्ज्ञांची परिषद झाली, जूनमध्ये सरकारी मान्यता मिळाली.

पण त्याच लेखात आणखी एक आकडा होता. नुसते लेव्हामिसोल घेणाऱ्या गटाला सांगण्याजोगा फायदा झालेला नव्हता. म्हणजे दोन बैल जुंपलेल्या गाडीत ओढत कोण होते, हा प्रश्न शिल्लक होता.

मध्यंतरी किमतीचा वाद झाला. मेंढ्यांसाठीचे लेव्हामिसोल काही सेंटांना मिळे, माणसांच्या गोळीची किंमत त्याच्या सुमारे शंभरपट होती. मोर्टेल यांनी १९९२ मध्ये कर्करोगतज्ज्ञांच्या सभेत कंपनीवर जाहीर टीका केली. औषध तेच, गिऱ्हाईक बदलले की भाव बदलतो. कापसाच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मग उत्तर आले. फ्लुओरोयुरॅसिलसोबत ल्यूकोव्होरिन हे दुसरे औषध दिले तर किमान तेवढाच फायदा होतो आणि त्यात लेव्हामिसोल घातल्याने काहीच भर पडत नाही, असे १९९९ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत दिसले. २००० मध्ये ब्रिटनमधल्या जवळजवळ पाच हजार रुग्णांच्या चाचणीने तेच सांगितले. लेव्हामिसोल घेणाऱ्यांची स्थिती किंचित वाईटच होती. गाडी ओढत होता तो केमोथेरपीचा बैल.

यातला सगळ्यात मोठा विरोधाभास वेगळाच आहे. प्रतिकारशक्ती वाढवणारे म्हणून दिलेले हे औषध काही माणसांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणते. पांढऱ्या पेशी म्हणजे प्रतिकाराचे शिपाईच. लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या एका आजारात डॉक्टर आजही लेव्हामिसोल वापरतात, पण रक्त तपासत, नजर ठेवून. घरच्या घरी घेण्याचे ते टॉनिक नव्हे.

चाकूच्या आधी आणि चाकूच्या नंतर

मग शस्त्रक्रियेभोवतीच्या ताकदीचे काय? ती कल्पना खोटी नाही. ती बाटलीत सापडली नाही, इतकेच.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमधले सर्जन हिराम स्टडली यांनी १९३६ मध्ये एक छोटा लेख लिहिला. पोटातल्या व्रणासाठी शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या वजनाची त्यांनी नोंद ठेवली होती. ज्यांचे वजन आधीच २० टक्क्यांहून जास्त घटले होते, त्यांच्यातले तिघांत एक दगावले. ज्यांचे तेवढे घटले नव्हते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण ३.५ टक्के होते. सर्जन तेच, टेबल तेच. फरक होता तो आधीच्या उपासमारीचा. वणी जिल्ह्याच्या दुष्काळात जे घडले, तेच इथे शस्त्रक्रियेच्या टेबलावर घडत होते. शरीराला प्रथिने मिळेनाशी झाली की जखम भरायला आणि जंतूंशी लढायला लागणाऱ्या पेशी ते कशापासून घडवणार?

शस्त्रक्रिया हा शरीरावर आघात असतो, आणि तो प्रतिकारशक्तीवरही होतो. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस रक्तातल्या काही लढाऊ पेशी मंदावतात. त्या दिवसांत संसर्ग टाळणे महत्त्वाचे. म्हणून गेल्या अर्धशतकात प्रश्न उलटा विचारला जाऊ लागला : ताकद वाढवायची कशी, याऐवजी आहे ती वाया कशी जाऊ द्यायची नाही?

रक्ताचेच उदाहरण घ्या. रक्त देणे म्हणजे ताकद देणे, असे आपण मानतो. पण १९७३ मध्ये मूत्रपिंड रोपणाच्या रुग्णांत एक उलटी गोष्ट दिसली. आधी रक्त चढवलेल्यांच्या शरीरात परके मूत्रपिंड जास्त टिकत होते. म्हणजे दुसऱ्याचे रक्त प्रतिकारशक्तीला थोडे शांत करते. रोपणात ते उपकारक, कर्करोगात कसे? १९८२ मध्ये बरोज आणि टार्टर या न्यू यॉर्कच्या डॉक्टरांनी दाखवले की, मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेत रक्त चढवलेल्यांत रोग जास्त वेळा परतला. पुढे १९९३ मध्ये हॉलंडमध्ये रुग्णांचे स्वतःचेच आधी साठवलेले रक्त वापरून पाहिले. त्यानेही निकाल सुधारला नाही. ज्यांना रक्ताची गरज पडते, ते मुळातच जास्त आजारी असतात, हेही त्यामागचे एक कारण. तेव्हापासून नियम साधा आहे. जीव वाचवण्यासाठी रक्त लागले तर निःशंक द्यावे, पण 'ताकदीसाठी एक पिशवी' म्हणून देऊ नये.

डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात शस्त्रक्रियेभोवतीच्या अनेक जुन्या रूढी तपासायला घेतल्या. रात्रीपासून कडक उपाशी का ठेवायचे? नाकातली नळी दिवसेंदिवस का? आठवडाभर अंथरुणात का? त्यातल्या बऱ्याच रूढींना आधारच नव्हता. आज अनेक रुग्णालयांत सर्वसाधारण रुग्णाला शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत पाणी किंवा साखरेचे स्वच्छ पेय देतात, वेदना नीट आवरतात, दुसऱ्याच दिवशी चालवतात, लवकर खायला देतात.

याच्या एक पाऊल आधी जाणारे काम २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. युरोपात आणि कॅनडात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या २५१ रुग्णांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेआधी चार आठवडे तयार केले : व्यायाम, प्रथिनयुक्त आहार, तंबाखू सोडायला मदत, मनाला धीर. गंभीर गुंतागुंत तयारी न केलेल्यांत २९.७ टक्के, तयारी केलेल्यांत १७.१ टक्के. २०२५ च्या जूनमध्ये आणखी एक मोठा निष्कर्ष आला. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी संपलेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षे शिस्तीने, कोणीतरी पाठपुरावा करत, व्यायाम करवला. पाच वर्षांनंतर रोगमुक्त असलेले व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के, दुसऱ्या गटात ७३.९ टक्के. चालण्याची बाटली भरता येत नाही, म्हणून तिची जाहिरातही होत नाही.

अर्जिनीन, मासळीतली स्निग्धाम्ले वगैरे घातलेले खास आहारही निघाले आहेत. काही चाचण्यांत त्यांनी शस्त्रक्रियेनंतरचे संसर्ग कमी केले, काहींत फरक पडला नाही. शिरेतून लोह देण्याचेही तसेच. ब्रिटनमधल्या २०२० च्या चाचणीत, पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांआधी रक्तक्षय असलेल्यांना सरसकट ते दिल्याने रक्त चढवण्याची गरज किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे इथेही सरसकट उत्तर नाही. कोणाला काय कमी आहे, हे आधी तपासावे लागते.

आपल्या गावात

आता हे सगळे आमच्या जिल्ह्यात आणून पाहू. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. विदर्भात सिकलसेलचा आजारही आहे. त्यामुळे 'रक्त कमी आहे' हे वाक्य इथे कोणालाच दचकवत नाही. पण मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ महिनोन्महिने थोडे थोडे रक्त सांडत असते, आणि नुसता रक्तक्षय हेच तिचे पहिले लक्षण असू शकते. डाव्या बाजूच्या गाठीत शौचावाटे रक्त दिसते. ते दिसले की रस्त्यावरच्या मूळव्याध-भगंदराच्या पाट्या आठवतात.

दारव्हा तालुक्यातल्या माझ्या थोरल्या चुलतभावाचे असेच झाले. वर्षभर रक्त पडत होते. मूळव्याध म्हणून दोन ठिकाणी चूर्ण आणि मलम झाले. शेवटी नागपुरात दुर्बिणीने तपासणी झाली आणि मोठ्या आतड्यात गाठ निघाली. हिमोग्लोबिन ७ वर आलेले. सर्जनांनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. गावी आल्यावर दादा म्हणाला, "आंगात ताकदच नाई, तं कापाकापी सोसन कसा मी? आधी ताकद येऊ दे, मंग पाहू."

त्या आठवड्यात दोन बकऱ्या विकून घरात इम्युनिटीचे चार डबे आले. वहिनींनी मला विचारले, "भाऊजी, ह्या डब्यानं गुण येईन ना?" मी डबा वाचला. आत होती ती मुख्यतः साखर, थोडी प्रथिने आणि जीवनसत्त्वे. आम्ही तो सर्जनांनाच नेऊन दाखवला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि एका कागदावर लिहून दिले : रोज दोन अंडी, दोन वेळा घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे, दूध; लोहाचे इंजेक्शन; खर्रा आजपासून बंद; सकाळ-संध्याकाळ अर्धा तास चालणे. तारीख मात्र त्यांनी बदलली नाही. ते म्हणाले, "ताकद आणायला तीन आठवडे आहेत. त्याहून जास्त थांबलो तर गाठीलाच ताकद येईल."

दादाची शस्त्रक्रिया त्या तारखेलाच झाली. पुढे केमोथेरपीही झाली. आता तिसरे वर्ष चालू आहे आणि कापूस वेचणीला तो शेतात असतो.

एका माणसाच्या गोष्टीवरून काही सिद्ध होत नाही, हे मोर्टेल यांनीच शिकवले आहे. ती इथे सांगितली ती दुसऱ्या कारणासाठी. चार डब्यांच्या पैशात एका घराला दोन महिने अंडी, डाळ आणि शेंगदाणे येतात. हा हिशेब कोणत्याही चाचणीशिवाय करता येतो.

कुलूप आणि किल्ली

प्रतिकारशक्तीने कर्करोगाशी लढण्याचे कोलीचे स्वप्न मात्र वाया गेले नाही. पॅरिसमधल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले की, मोठ्या आतड्याच्या गाठीत शिरलेल्या लढाऊ पेशींची संख्या आणि त्यांची जागा यांवरून रुग्णाच्या भवितव्याचा चांगला अंदाज येतो. शरीर लढत असते, पण गाठीच्या पेशी त्याला लगाम घालतात. तो लगाम सोडवणारी औषधे आली. त्यांचा पाया घालणाऱ्या जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

२०२४ मध्ये हॉलंडमधल्या संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हीच औषधे शस्त्रक्रियेच्या आधी, अवघे काही आठवडे दिली. १११ रुग्णांपैकी ९५ टक्क्यांची गाठ जवळजवळ नाहीशी झाली. ६८ टक्क्यांत कापून काढलेल्या भागात कर्करोगाची जिवंत पेशीच सापडली नाही. पण हे सगळे रुग्ण एका विशिष्ट प्रकारचे होते. त्यांच्या गाठीतल्या पेशींना जनुकांतल्या चुका दुरुस्त करता येत नव्हत्या. न पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगात असे रुग्ण साधारण शंभरात दहा ते पंधरा असतात. बाकीच्यांना या औषधांचा तसा उपयोग होत नाही. गाठीच्या तुकड्याची एक तपासणी केली की कोण कोणत्या गटात आहे ते कळते. कोलीला जे आधी सांगता येत नव्हते, ते आता सांगता येते.

यात आपला महाराष्ट्रही मागे नाही. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. वसंत रामजी खानोलकर यांनी तिथे रोगनिदानशास्त्राची प्रयोगशाळा उभारली आणि पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचा पाया घातला. त्यांच्या विद्यार्थिनी कमल रणदिवे कर्करोगासोबत कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम करत राहिल्या आणि निवृत्तीनंतर नगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाकडे वळल्या. पेशी आणि पोषण, हे दोन टोकांचे विषय त्यांच्या कामात एकत्र आले. त्याच टाटा रुग्णालयाच्या राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्याच्या काही मिनिटे आधी तिच्याभोवती लिग्नोकेन टोचले. हे दात काढताना हिरडी बधिर करणारे स्वस्त औषध. सोळाशे स्त्रियांच्या त्या चाचणीत सहा वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्क्यांवर गेले. तो निष्कर्ष स्तनाच्या कर्करोगाचा आहे. तो तसाच उचलून आतड्याला लावता येणार नाही, हे बीसीजीच्या कथेवरून आपण शिकलो आहोत. पण शस्त्रक्रियेच्या आसपासची वेळ किती मोलाची असते आणि स्वस्त औषधही चिठ्ठीच्या परीक्षेत पास होऊ शकते, हे त्यातून दिसते.

कोणता प्रश्न विचारायचा

विदर्भात कर्करोगाचे नाव निघाले की तुकडोजी महाराजांची आठवण होते. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे कर्करोगाने निधन झाले आणि नागपुरातले प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आज त्यांच्या नावाने उभे आहे. यवतमाळला १९८९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सेवाग्राम आणि सावंगी इथून दूर नाहीत. १९३६ मध्ये स्टडली यांनी वजनकाट्यावर जे पाहिले, ते पाहण्याची सोय आज प्रत्येक तालुक्यात आहे.

म्हणून ज्या घरात हे निदान झाले असेल, तिथे 'ताकदीसाठी काय देऊ' या एका प्रश्नाऐवजी डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत असे मला वाटते. रुग्णाचे वजन किती घटले आणि ते भरून काढायला काय खाऊ घालायचे? हिमोग्लोबिन किती आणि ते का कमी झाले? शस्त्रक्रियेच्या आधी किती तास उपाशी राहायचे आणि नंतर कधी चालायचे? गाठीच्या तुकड्याची दुरुस्ती-दोषाची तपासणी झाली का? मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर उत्तरे बदलतात, म्हणून ती आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावीत. आणि कोणी डबा, गोळी, काढा घेऊन आला, तर त्याला पाचवा प्रश्न विचारावा : हे घेणारे आणि न घेणारे, असे चिठ्ठी टाकून दोन गट करून कोणी पाहिले आहे का?

लेव्हामिसोलला हा प्रश्न विचारला गेला आणि ते बाजूला झाले. क जीवनसत्त्वाला विचारला गेला आणि तेही झाले. अंडी, वरण आणि चालणे यांच्यावर कोणी 'इम्युनिटी' छापत नाही, पण याच प्रश्नापुढे आजवर टिकून आहे ते पोटभर नीट खाणे, तंबाखू सोडणे आणि रोज उठून चालणे. लेव्हामिसोलही आपल्या जागी परत गेले आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी बकऱ्यांच्या पोटातले जंत ते अजून पाडते, आणि ते काम त्याला चांगले जमते.